शेजारची दोन मुलं आणि नाझी जर्मनी: मैत्री कशी तुटत गेली

बर्लिनच्या श्योनेबेर्ग भागात बव्हेरियन वस्ती नावाचा जुना सुखवस्तू मोहल्ला आहे. आइन्स्टाइन इथेच राहायचा. १९९३ पासून या वस्तीतल्या दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या लावलेल्या आहेत. पाटीच्या एका बाजूला साधं चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एखादा नियम. त्यातली एक पाटी सांगते की आर्य आणि आर्येतर मुलांना एकमेकांशी खेळायला मनाई आहे. खाली फक्त साल: १९३८.

पाटी वाचून वाटतं, एक दिवस हुकूम निघाला आणि मुलांचे खेळ थांबले. तसं घडलं नाही. मुलांनी एकत्र खेळू नये असा साऱ्या देशाला लागू होणारा कायदा नाझी सरकारने कधी केलाच नाही. नियम होते ते ठिकठिकाणचे. आणि १९३८ उजाडेपर्यंत या मैत्र्यांपैकी बहुतेक मोडून गेल्या होत्या. त्या मोडायला दोनच गोष्टी पुरल्या. मुलं जिथे भेटतात त्या जागा एकेक करून काढून घेतल्या, आणि उरलेल्या भेटींची किंमत आईबापांच्या नावावर चढवली.

आधी शब्दाचा गोंधळ

‘जर्मन मुलगा आणि त्याचा ज्यू मित्र’ असं आपण सहज म्हणतो. १९३२ मध्ये हे वाक्य विचित्र वाटलं असतं, कारण दोघेही जर्मनच होते. भाषा एक, शाळा एक, बहुधा फुटबॉलचा संघही एकच. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढताना सुमारे १२ हजार ज्यू सैनिक मेले होते. अ‍ॅन फ्रँकचे वडील ओट्टो त्याच सैन्यात अधिकारी होते. ‘जर्मन’ आणि ‘ज्यू’ हे दोन वेगळे लोक आहेत ही विभागणी कायद्याने केली ती नंतर. म्हणून या लेखात ‘ज्यू मूल’ आणि ‘ख्रिस्ती मूल’ असं म्हटलं आहे. ‘आर्य’ शब्दाचंही तसंच. आपल्याला माहीत असलेल्या संस्कृत अर्थाशी त्याचा संबंध नाही. सरकारी कागदावर आर्य म्हणजे ज्याच्या आजी-आजोबांत कोणी ज्यू नाही असा माणूस. गंमत अशी की हे ‘रक्त’ सिद्ध करायला प्रयोगशाळा नव्हती. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या काढून दाखवाव्या लागत.

साडेसहा कोटींच्या जर्मनीत १९३३ साली ज्यू होते साधारण पाच लाख, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. त्यातले एक तृतीयांश एकट्या बर्लिनमध्ये. याचा अर्थ असा की लहान गावातल्या वर्गात ज्यू मूल बहुधा एकटंच असायचं, फार तर दोन. त्याला मैत्री करायची तर ती ख्रिस्ती मुलांशीच. शहरात चारपाच मजली भाड्याच्या इमारती, मध्ये बंदिस्त अंगण, आपल्या चाळीसारखाच सामाईक जिना. हेसेन, बाडेन, फ्रांकोनिया या भागांतल्या खेड्यांत ज्यू गुरांचे व्यापारी आणि छोटे दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या राहत. तिथे शेजाराला रोजच्या देवाणघेवाणीचं वळण होतं. ज्यू धर्मात शनिवारी, म्हणजे शब्बाथला, विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शेजारचं ख्रिस्ती पोर येऊन चूल पेटवून द्यायचं आणि हातावर खाऊ घेऊन जायचं. वल्हांडणाच्या सणाला बिनखमिराची पोळी शेजारी जायची, नाताळात तिकडून बिस्किटं यायची. आपल्या कोकणात बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू मंडळी, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शेजाऱ्याचा काम न करण्याचा दिवस सगळ्या गावाला ठाऊक असणं, ही त्याच प्रकारची ओळख होती.

हे चित्र फार गुळगुळीतही करू नये. चर्चच्या शिकवणीतून आलेला ज्यूद्वेष होता, टोमणे होते, काही क्लबांत प्रवेश नव्हता. पण दोन मुलांनी अंगणात गोट्या खेळायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

शाळा

३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर झाला. १ एप्रिलला ज्यू दुकानांवर बहिष्कार, ७ एप्रिलला ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा. या दुसऱ्या कायद्याने शिक्षकही गेले. फ्युर्ट गावातल्या हेन्री किसिंजरचे वडील शाळाशिक्षक होते, त्यांचीही नोकरी गेली. हाच मुलगा पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला. मुलांच्या नजरेतून पाहा. ज्या बाईंना सगळा वर्ग भीत होता, त्या सोमवारी आल्याच नाहीत आणि कोणी काही बोललंही नाही. ‘या माणसांशी काहीही करता येतं’ हा पहिला धडा तिथे मिळाला.

२५ एप्रिल १९३३ चा कायदा थेट विद्यार्थ्यांबद्दल होता. वरच्या शाळांत आणि विद्यापीठांत नव्याने घेतल्या जाणाऱ्यांत ज्यू १.५ टक्क्यांहून जास्त नकोत, आणि एकूण संख्येत ५ टक्क्यांहून जास्त नकोत. पण पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांच्या मुलांना सूट होती. असे बाप पुष्कळ असल्यामुळे पुष्कळ मुलं वर्गातच राहिली. स्मृतिकथा वाचताना इथे लोक अडखळतात: ‘१९३३ ला काढलं ना, मग १९३६ ला हा शाळेत कसा?’ तो असू शकत होता. प्राथमिक शाळेला तर हा कोटाच नव्हता, कारण शिक्षण सक्तीचं होतं.

वर्गात राहणं म्हणजे वर्गात असणं नव्हे. सकाळी हात पुढे करून नाझी सलाम सुरू झाला; ज्यू मुलाने तो करायचा की नाही, हे शाळेगणिक बदलायचं, आणि काहीही केलं तरी ते उठून दिसायचं. ‘वंशशास्त्र’ हा विषय आला. गुरुजी कवटीची मापं, नाकाचे आकार फळ्यावर काढायचे. नमुना म्हणून ज्यू मुलाला समोर उभं केल्याच्या आठवणी अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. ‘उत्तम आर्य नमुना’ म्हणून गुरुजींनी नेमकं सोनेरी केसांचं ज्यू पोरच निवडल्याचे किस्सेही आहेत. काही शाळांत वेगळं बाक, सहलीला बंदी, समारंभात घेणं नाही. इथे एका शिक्षकाची मर्जी फार मोठी ठरायची. सभ्य माणूस वर्गावर असला तर मैत्री वर्ष-दोन वर्षं जास्त टिकली. कडवा नाझी आला तर एका सत्रात संपली.

ज्यू पालकांनी मग मुलांना आपल्या समाजाच्या शाळांत हलवलं. १९३३ मध्ये ज्यू मुलांपैकी जेमतेम चौथा हिस्सा ज्यू शाळांत होता. १९३७ पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या बरंच वर गेलं. मुलांच्या जिवाला तिथे उसंत मिळाली. पण शेजारच्या मित्राबरोबर सकाळी शाळेत चालत जाणं बंद झालं.

दहावा वाढदिवस

मैत्रीला सर्वांत खोल कात्री लावली ती हिटलर युवा संघटनेने. १९३२ च्या अखेरीस तिचे सदस्य लाखभर होते, १९३३ च्या अखेरीस वीस लाखांवर, १९३६ च्या अखेरीस पन्नास लाखांवर. १ डिसेंबर १९३६ च्या कायद्याने ती साऱ्या जर्मन तरुणाईची संघटना ठरली आणि मार्च १९३९ पासून १० ते १८ वयाच्या मुलामुलींना ती सक्तीची झाली. ज्यू मुलांना अर्थातच दार बंद.

दहा वर्षांचा मुलगा तिच्या धाकट्या शाखेत जायचा. भरतीचा दिवस २० एप्रिल, हिटलरचा वाढदिवस. मग चाचणी: ६० मीटर १२ सेकंदांत धावणं, २.७५ मीटर लांब उडी, २५ मीटर चेंडूफेक, पक्षाचं गाणं पाठ, आणि पायी मोहीम. पार पडला की कमरेला खराखुरा सुरा. दहा वर्षांच्या पोराला सुरा! प्रचाराच्या भाषणांपेक्षा हे आमिष भारी होतं. तंबू, शेकोटी, ढोल, सायकली. घरच्या शिस्तीतून सुटका. पुष्कळ ज्यू मुलांनीही मोठेपणी कबूल केलं की त्या मिरवणुका पाहताना आपल्याला त्यात जायचं होतं.

मुख्य म्हणजे संघटनेने वेळ खाल्ला. आठवड्यातली एक दुपार किंवा संध्याकाळ बैठक, शनिवार कवायत, सुटीत छावणी. १९३४ पासून काही वर्षं शनिवार हा ‘युवादिन’ होता: गणवेशातली मुलं मैदानावर, बाकीची शाळेत बसून. ज्या दिवशी पूर्वी दोघं उंडारायची, त्याच दिवशी आता एक गणवेशात आणि दुसरा घरात. तिकडे ज्यू मुलंही आपल्या संघटनांकडे वळली. मकाबी आणि ज्यू माजी सैनिकांच्या संघटनेचा ‘शिल्ड’ हे त्यांचे क्रीडासंघ होते. भांडण न होताच दोघांचे आठवडे वेगळे झाले. माझ्या मते स्मृतिकथांत ज्याला ‘तो हळूहळू यायचा थांबला’ म्हणतात, त्यातलं निम्मं उत्तर या वेळापत्रकात आहे.

बाकीच्या जागा तर भराभर गेल्या. १९३३ च्या उन्हाळ्यातच अनेक शहरांनी ज्यूंना पोहण्याच्या तलावांवर बंदी घातली. बर्लिनजवळचा वान्झेचा किनाराही त्यात आला. व्यायामशाळा आणि फुटबॉल क्लबांनी वरून हुकूम येण्याची वाटही न पाहता ज्यू सभासद काढले. हा मुद्दा नजरेआड होतो: बरीच कामं सरकारने सांगण्याआधीच संस्थांनी उरकली. फ्युर्टमध्ये किसिंजर फुटबॉलवेडा होता. मैदानात ज्यूंना मज्जाव झाल्यावरही तो सामने बघायला जायचा आणि मार खाऊन यायचा. १९३८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने कुटुंबासह देश सोडला.

मोठ्यांवर दडपण कसं यायचं

मुलाला आई सांगते, ‘आता त्यांच्याकडे जाऊ नकोस.’ ती असं का म्हणते? ती नाझीच असेल असं नाही. पक्षाचा गल्लीप्रमुख साधारण ४० ते ६० घरांवर लक्ष ठेवायचा. वर्गणीच्या निमित्ताने तो दारात यायचा, कोण कोणाकडे जातं ते पाहायचा. युलिउस श्ट्रायखरच्या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाच्या काचपेट्या चौकाचौकांत होत्या. ज्यू दुकानातून माल घेणाऱ्यांची, ज्यूंशी मैत्री ठेवणाऱ्यांची नावं त्यात छापून यायची. ‘ज्यूंचा गुलाम’ ही त्यातली नेहमीची शिवी. बाप पोस्टात, रेल्वेत किंवा शाळेत नोकरीला असेल तर ज्यूंशी सलगी म्हणजे शिस्तभंगाची चौकशी.

गेस्टापो, म्हणजे नाझींची गुप्त पोलीस यंत्रणा, सगळीकडे कान लावून बसलेली असायची, ही समजूत मात्र चुकीची आहे. १९३७ मध्ये कारकुनांसह तिचे लोक साऱ्या देशात मिळून सुमारे ७ हजार. एवढ्याशा मनुष्यबळावर प्रत्येक जिन्यावर पहारा अशक्य होता. तो पहारा शेजाऱ्यांनी दिला. व्युर्झबुर्ग शहरातल्या गेस्टापोच्या नष्ट न झालेल्या फायली अभ्यासकांनी तपासल्या. ज्यूंशी संबंध ठेवल्याच्या प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक साध्या नागरिकांच्या कागाळ्यांतून सुरू झालेली निघाली. कागाळीमागे विचारसरणी असेलच असं नाही. घरभाड्याचं भांडण, धंद्यातली चढाओढ, जुना राग. म्हणून आई घाबरायची ती वरच्या मजल्यावरच्या बाईला.

१५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढलं आणि ज्यू-बिगरज्यू विवाह व शरीरसंबंध गुन्हा ठरवले. मैत्रीवर त्यात अक्षर नाही. तरी परिणाम झालाच. चौदा-पंधरा वर्षांचा ज्यू मुलगा आणि शेजारची ख्रिस्ती मुलगी यांनी रस्त्यात एकत्र दिसणंही आता संशयाचं झालं, कारण शिक्षा पुरुषालाच होती. मुलगा-मुलगी अशा मैत्र्या सर्वांत आधी संपल्या त्या यामुळे. त्याच कायद्याने ४५ वर्षांखालील ‘आर्य’ स्त्रीला ज्यू घरात कामाला ठेवायलाही बंदी केली. कित्येक ज्यू मुलांना वाढवणाऱ्या, त्यांना नाताळची गाणी शिकवणाऱ्या मोलकरणी १९३६ उजाडताना घर सोडून गेल्या. शेजारच्या दोन स्वयंपाकघरांमधला निरोप्या म्हणजे बहुधा हीच बाई असायची.

१९३८ नंतर

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला देशभर सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळले, सुमारे साडेसात हजार दुकानं फोडली आणि ३० हजारांच्या आसपास ज्यू पुरुष छळछावण्यांत नेले. १५ नोव्हेंबरला उरलीसुरली ज्यू मुलं सर्वसाधारण शाळांतून काढली. तीन दिवस आधीच चित्रपटगृहं आणि नाटकं बंद झाली होती. १ जानेवारी १९३९ पासून ठरलेल्या यादीतलं नाव नसलेल्या प्रत्येक ज्यू मुलग्याला आपल्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि मुलीला ‘सारा’ जोडावं लागलं.

यानंतर ज्यांना जमलं त्यांनी मुलं बाहेर धाडली. अशी मुलं नेणारी पहिली रेल्वेगाडी १ डिसेंबर १९३८ ला बर्लिनहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या हारविच बंदरात सुमारे २०० मुलं उतरली. सतरा वर्षांखालचं मूल, आईवडील सोबत नाहीत, एक बॅग, १० मार्क, गळ्यात क्रमांक. पुढे प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली गेली. युद्ध सुरू होईपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून अशी सुमारे १० हजार मुलं गेली. शेजारच्या मित्राच्या बाजूने हा शेवट म्हणजे एका सकाळी बंद असलेलं दार.

इतिहासाच्या पुस्तकांत ३० एप्रिल १९३९ चा भाडेकायदा क्वचित येतो, पण शेजार मोडला तो त्याने. ज्यू भाडेकरूंचं संरक्षण काढलं आणि त्यांना ज्यू मालकांच्या घरांत कोंबायला सुरुवात झाली. एका खोलीत एक कुटुंब, सामाईक चूल. या ‘ज्यू घरां’मुळे सामाईक अंगणच उरलं नाही. युद्ध सुरू झाल्यावर संध्याकाळी आठ, उन्हाळ्यात नऊनंतर बाहेर पडायची बंदी. १९४० च्या जुलैपासून बर्लिनमध्ये ज्यूंना खरेदीला दुपारी ४ ते ५ एवढाच तास.

१९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला पिवळा तारा लावावा लागला: तळहाताएवढा, काळ्या रेषेचा, छातीच्या डाव्या बाजूला, घट्ट शिवलेला. एका ताऱ्याला १० फेनिग मोजून विकत घ्यायचा. दप्तर आडवं धरून तो झाकणं हाही गुन्हा. आणि मग २४ ऑक्टोबर १९४१ ला, अंगण रिकामं झाल्यावर, मैत्रीवरचा हुकूम आला. ज्यू व्यक्तीशी उघडपणे मैत्रीने वागणाऱ्या ‘जर्मन रक्ताच्या’ माणसाला अटक, गंभीर प्रकरणात तीन महिन्यांपर्यंत छळछावणी. ज्यू व्यक्तीला मात्र प्रत्येक वेळी छावणी, आणि मुदत नाही. या असमान शिक्षेमुळेच बऱ्याचदा ज्यू बाजूनेच ओळख तोडली. रस्त्यात मित्र दिसला की ज्यू मूल आधी मान फिरवायचं. मित्राला वाटायचं, हा रागावला.

त्याआधी सहा दिवस, १८ ऑक्टोबरला, बर्लिनहून पहिली हद्दपारीची गाडी पोलंडमधल्या वूच शहराकडे गेली होती. मागे राहिलेलं सामान सरकारने जप्त केलं. कपाटं, पलंग, भांडी लिलावात निघाली आणि ती घेणाऱ्यांत शेजारीही होते. उलट दिशेचेही शेजारी होते: बर्लिनमध्ये सुमारे ७ हजार ज्यू भूमिगत झाले आणि त्यांतले १७०० च्या आसपास वाचले. त्यातल्या प्रत्येकामागे शिधा, पलंग आणि खोटं नाव पुरवणारी माणसं होती.

गोष्ट वाचताना काय तपासावं

या विषयावरच्या कथा, चित्रपट, शाळेतली नाटकं यांत त्याच त्याच चुका होतात. १९३६ च्या बर्लिनमध्ये ज्यू मुलाच्या छातीवर तारा दाखवतात. जर्मनीत तो १९४१ ला आला. व्याप्त पोलंडमध्ये १९३९ च्या अखेरीस सक्ती झाली, पण तिथे बऱ्याच भागांत निळ्या ताऱ्याची पांढरी दंडपट्टी होती. बर्लिनच्या मुलाला भिंतीआडच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याच्या वस्तीत, राहताना दाखवतात. तशी भिंत जर्मन शहरांत नव्हती, पूर्वेकडे होती. १९३९ मध्ये दोघे एका वर्गात दिसले तर एकतर ते चूक आहे किंवा त्या मुलाच्या आजी-आजोबांपैकी फार तर निम्मेच ज्यू आहेत. अशा ‘मिश्र’ ठरवलेल्या मुलांचे नियम वेगळे होते आणि ती आणखी काही काळ शाळेत राहू शकली. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनच्या रस्त्यात ज्यूंना मनाई करणारी पाटी दिसली तरी शंका घ्या. पाहुण्यांसाठी त्या तात्पुरत्या काढल्या होत्या.

जर्मनीत फिरताना फूटपाथवर १० सेंटिमीटर चौकोनी पितळी दगड बसवलेले दिसतात. गुंटर डेमनिग या कलाकाराने ते सुरू केले आणि २०२३ पर्यंत युरोपभर त्यांची संख्या एक लाखावर गेली. वर लिहिलेलं असतं: इथे राहत होता, नाव, जन्मसाल, कधी आणि कुठे नेलं. जन्मसाल १९२८ असेल तर बाकीचं मांडता येतं. १९३४ ला पहिलीत. १९३८ च्या एप्रिलमध्ये शेजारचा मित्र युवा संघटनेत गेला, नोव्हेंबरमध्ये याची शाळा सुटली. अकराव्या वर्षी भाडेकायदा, तेराव्या वर्षी तारा. त्यापुढची तारीख दगडावर असते.